आजीने न वाचलेली पानं

परवा महालातल्या जुन्या घरातलं फडताळ आवरताना आजीची 'पण लक्षात कोण घेतो' सापडली. पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी. पण गंमत अशी की पुस्तकाचा बराचसा भाग हाताळून मऊ झालाय आणि शेवटची पानं मात्र कोरी करकरीत. आजी ही कादंबरी दर दोन-चार वर्षांनी वाचायला घ्यायची आणि शेवट आला की मिटून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "मले माहीत आहे नं पुढे काय होते ते."

हरिभाऊंचा, म्हणजे हरी नारायण आपट्यांचा जन्म 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आयुष्य गेलं पुण्यात. गणिताने दगा दिला आणि पदवी राहिली ती राहिलीच. वाचन मात्र अफाट. पहिली कादंबरी 'मधली स्थिती' 1885 ची, रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीवरून सुचलेली. 1890 मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून कादंबऱ्या क्रमशः लिहू लागले. तिकडे डिकन्सने 1836 पासून 'पिकविक पेपर्स' शिलिंगाला एक अशा मासिक अंकांतून लिहिली होती, तसंच काहीसं हे. हप्त्याहप्त्याने लिहिण्याचे तोटेही आलेच. पाल्हाळ आला. वाचकाशी मध्येच गप्पा मारणं आलं. काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

पण 'पण लक्षात...' (1890-93) मध्ये हाच पाल्हाळ कामी आलाय असं मला वाटतं. गोष्ट यमू स्वतः सांगते. एक मुलगी आपलं माहेर, भावाशी होणारी भांडणं, सासरचे टोमणे आठवेल तसं सांगत जाते. भाषा माजघरातली. संस्कृत वळणाची जड वाक्यं नाहीत, उपदेश नाही. ऐकता ऐकता ती आपल्या घरातलीच होऊन जाते. नवरा तिला वाचायला शिकवतो, मुंबईत दोघांचा छोटासा संसार मांडला जातो. वाचणाऱ्यालाही वाटतं, चला, सुटली बिचारी! आणि मग तो जातो. विधवा यमूचं बळजबरीने केशवपन होतं. इतकी पानं तिच्याबरोबर काढल्यावर ते वाचणं सोपं नसतं.

विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता. कादंबरी क्रमशः येत होती त्याच काळात, 1891 मध्ये, संमतिवयाचं बिल आलं. मुलींची मर्यादा 10 वरून 12 करायची, एवढ्यावरून केवढं रण माजलं! सभा झाल्या, अग्रलेख झाले. त्या सगळ्या गदारोळात जिच्याबद्दल वाद चालला होता तिचा आवाज नव्हता. हरिभाऊंनी तो दिला. एका पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेलं आहे, हे मान्यच. पण तेव्हा तेवढं तरी किती जणांनी केलं?

आपल्या विदर्भाशीही त्यांचा एक धागा आहे. 1912 चं साहित्य संमेलन अकोल्याला भरलं, त्याचे अध्यक्ष हरिभाऊच होते. विदर्भातलं ते पहिलं संमेलन. पुढे 1919 मध्ये ते गेले, तेव्हा पंचावन्नाचेही नव्हते.

आता आजीबद्दल. आईकडून बऱ्याच उशिरा कळलं की आजीच्या माहेरी तिची एक आत्या होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी विधवा. लाल आलवण, डोक्यावरून पदर, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, एवढंच तिचं जग. आजीला लहानपणी तिनेच सांभाळलं. महिन्या-दोन महिन्यांनी न्हावी मागच्या दाराने यायचा, तेव्हा पोरांना पुढच्या खोलीत कोंडून ठेवायचे म्हणे. ती शेवटची पानं आजीने लहानपणी दाराआडून ऐकली होती. पुन्हा कशाला वाचेल?

माहेरच्या त्या मोठ्या फोटोत सगळे आहेत, अगदी गडीमाणसंसुद्धा. आत्या नाही. आईलाही तिचं नाव ठाऊक नाही. सगळे तिला नुसतं 'आत्या'च म्हणायचे.

शेवटची पानं मी काल रात्री वाचून काढली. आजीच्या वाटची.

असो. नातेवाईकांपैकी बरेच जण हे वाचतात म्हणून लिहितोय. मामा, मावशी, कुणाला त्या आत्याचं नाव आठवत असेल तर कळवा. पुस्तक पुन्हा बांधायला टाकणार आहे. पहिल्या पानावर आजीच्या नावाखाली तिचंही लिहीन म्हणतो.