खदीजा एर-रमिशी : मोरोक्कोची गोलकीपर

मोरोक्कोच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर खदीजा एर-रमिशी हिचा जन्म १९८९ साली खुरिब्गा शहरात झाला. राजधानी रबातमधल्या लष्कराच्या क्लबकडून ती खेळत आली आहे. २०२२ मध्ये या क्लबने आफ्रिकेची महिला चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी मोरोक्कोने आफ्रिका चषकाची अंतिम फेरी गाठली आणि विश्वचषकाचं तिकीटही मिळवलं. महिला विश्वचषकात उतरलेला हा पहिला अरब संघ.

२०२३ च्या त्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात जर्मनीकडून ६-० अशी हार झाली. त्यातले दोन तर स्वयंगोल होते. पण चूक कोणाचीही असो, जाळ्यातला चेंडू गोलकीपरलाच काढावा लागतो. खदीजाची जागा मात्र कायम राहिली. पुढे दक्षिण कोरिया आणि कोलंबिया, दोघांनाही मोरोक्कोने १-० ने हरवलं. खदीजाने एकही गोल होऊ दिला नाही. दोनदा जगज्जेता ठरलेला जर्मनीचा संघ गटातच बाद झाला, मोरोक्को पुढे गेला. तिथे फ्रान्सने ४-० ने रोखलं.

आपल्या मुली मैदानावर उतरतील तेव्हा पहिला पराभव पाहून आपण त्यांना घरी बसवू नये. सहा गोलांनंतरचे दोन सामने आपण लक्षात ठेवू या.