कोष्टक आणि आकडेमोड : एका फारकतीचा इतिहास

मराठीतील ‘कोष्टक’ हा शब्द संस्कृत ‘कोष्ठ’ म्हणजे कोठी अथवा खोली यापासून आलेला आहे. प्रत्येक घरात एक आकडा साठविलेला असतो, ही कल्पना त्या शब्दातच आहे. परंतु तो आकडा कोणत्या आकडेमोडीने तेथे आला, हे कोठी सांगत नाही. कोष्टक करणे आणि कोष्टक दाखविणे ही वस्तुतः दोन निराळी कामे होत. या दोहोंची फारकत झाली की चुकीला वाट मिळते. आज सभेपुढे स्लाइडवर जी कोष्टके दाखविली जातात, त्यांच्या मुळाशी हाच जुना प्रश्न आहे.

१८२१ साली चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल हे खगोलशास्त्रीय कोष्टके ताडून पाहत असता त्यांना त्यांत अनेक चुका आढळल्या. अशा कोष्टकांत केवळ गणकांच्याच चुका नसत. नक्कल करताना आणि छापखान्यात खिळे जुळविताना त्यांत नव्या चुकांची भर पडे. म्हणूनच बॅबेजने आपल्या ‘डिफरन्स एंजिन’ या यंत्रात आकडेमोडीच्या जोडीला छपाईचीही योजना केली. मनुष्याचा हात मध्ये येऊ नये, हा त्यातील हेतू होता. त्याच्या हयातीत हे यंत्र पुरे झाले नाही. त्याने १८४७ ते १८४९ या काळात केलेल्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने गणनेचा भाग १९९१ साली, तर छपाईचा भाग २००२ साली सिद्ध केला.

या इतिहासाचा दुसरा टप्पा एका वर्गातील फळ्याशी निगडित आहे. १९७८ च्या सुमारास डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी होता. प्राध्यापकांनी फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातील एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले पुढील सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. स्वतःच आकडे बदलणारा फळा असावा, या विचारातून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिझिकॅल्क’ तयार केले. १९७९ साली ते ‘अॅपल टू’ या संगणकासाठी विक्रीस आले. कोष्टकाच्या घरात आता आकड्याबरोबर त्याचे सूत्रही राहू लागले. बॅबेजने जी जोड यंत्राच्या चाकांतून साधू पाहिली, ती येथे निराळ्या मार्गाने साधली.

तथापि १९८७ साली फोरथॉट या कंपनीने ‘पॉवरपॉइंट’ बाजारात आणले, तेव्हा ही जोड पुन्हा तुटली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. पॉवरपॉइंटची घडण प्रक्षेपकावर ठेवावयाच्या पारदर्शक पानांच्या परंपरेतील होती, आणि पारदर्शक पान आकडेमोड करीत नाही. त्यातील स्वतःच्या कोष्टकाला आजही सूत्र समजत नाही. त्यामुळे हिशेब एकीकडे करावा आणि आकडे स्लाइडवर आणून चिकटवावेत, असा प्रघात पडला. बॅबेजला खुपणारी नक्कल अशा रीतीने परत आली.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. १९९० साली मायक्रोसॉफ्टने एका दस्तऐवजात दुसरा अंतर्भूत करण्याची किंवा त्याला जोडण्याची पद्धती आणली. अंतर्भूत केलेली एक्सेलची कार्यपत्रिका स्लाइडमध्येच उघडते आणि आकडेमोड करते. मात्र तिच्यासह न दाखविलेली पानेही फाइल घेणाऱ्याच्या हाती जातात. केवळ जोडलेली पत्रिका मूळ फाइलवर विसंबून असते. ती फाइल हलविली की स्लाइडवर जुनेच आकडे उरतात. अॅपलच्या ‘कीनोट’मध्ये तर कोष्टकाच्या घरातच सूत्र लिहिता येते. किंबहुना अडचण तंत्राची कमी आणि सवयीची अधिक आहे.

या सवयीची किंमत काय असू शकते, हे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधावरून दिसून येते. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांचा सरासरी विकासदर त्यांनी उणे ०.१ टक्का दाखविला, आणि सरकारी काटकसरीच्या समर्थकांनी त्याचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते आकडे पुन्हा काढता येईनात. लेखकांनी मूळ कार्यपत्रिका पाठविली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे त्याला दिसले. २०१३ साली हर्नडन, मायकेल अॅश आणि रॉबर्ट पॉलिन यांनी फेरगणना करून हा दर २.२ टक्के असल्याचे मांडले. फरकाचा मोठा भाग काही वर्षांची माहिती वगळण्याचा आणि भारांकनाचा होता, सूत्राचा नव्हे. लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, पण आपल्या मुख्य निष्कर्षाचे समर्थन केले. परंतु वाद शक्य झाला तो सूत्रांसह पत्रिका हाती आल्यामुळेच.

स्लाइडवरील कोष्टक श्रोत्यासमोर थोडा वेळच असते. तेवढ्यात बेरीज पडताळून पाहणे त्याला शक्य नसते. म्हणून ती पडताळता येईल अशी व्यवस्था ठेवण्याचे दायित्व दाखविणाऱ्यावर येते. चर्चासत्रात कोष्टक मांडणाऱ्या संशोधकाने त्याची कार्यपत्रिका सूत्रांसह जवळ बाळगावी आणि मागणाऱ्यास ती द्यावी.