बाहीचं बिल

जून २००३ मध्ये कर्नाटकाची यशस्विनी आरोग्य योजना चालू झाली तेव्हा मी सीमाभागातल्या सदलग्यात सहकारी सोसायटीचा कारकून होतो. वर्षाला माणशी ६० रुपये. दूधगंगेकाठचे ऊसवाले सभासद फोटो घेऊन यायचे, मी अर्ज भरून पावती फाडायचो. सहकारी सभासदाला बिनपैशाचं ऑपरेशन मिळणार ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! पहिल्याच वर्षी राज्यात सुमारे १६ लाख लोक त्यात आले. डॉ. देवी शेट्टींच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेनं गावागावांतली घरं कर्जातून वाचवली, हे मी मनापासून सांगतो.

पण ती योजना ऑपरेशनची होती. ऑपरेशन झालं, टाके निघाले, की योजनेचं काम संपलं.

माझ्या आक्काचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन मिरजेत झालं. काखेतल्या गाठी काढल्या आणि काही महिन्यांनी तो हात सुजायला लागला. काखेतून वर जाणारा लसिकेचा निचरा तुटला की पाणी हातातच साचतं. ही सूज पुरती बरी होत नाही, आवरून धरावी लागते. त्यासाठी मापाची घट्ट बाही घालायची. तिचा दाब मनगटाशी जास्त आणि वर कमी होत जातो. एक अंगात, एक धुण्यात, अशा दोन लागतात, आणि साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो. म्हणजे हा खर्च जन्माचा. आक्काच्या ऑपरेशनचे पैसे तिच्या विमा कंपनीनं दिले, बाहीचं बिल परत पाठवलं.

विमा नियामकाच्या न देण्याच्या खर्चांच्या यादीत क्रेप बँडेज आहे, गुडघ्याचे पट्टे आहेत, मधुमेहींची पादत्राणं आहेत. २०१३ च्या यादीत मात्र लेगिंग्जपुढे एक शेरा होता: व्हेरिकोज व्हेन्स आणि लठ्ठपणाच्या ऑपरेशनात त्या गरजेच्या असतात, ऑपरेशन मंजूर असेल तर त्यांचाही विचार व्हावा. म्हणजे दाबाचं वस्त्र हा उपचाराचाच भाग असू शकतो, हे कागदावर मान्य झालं होतं. तेच पुढे न्यायला हवं होतं.

२०१८ साली यशस्विनी आरोग्य कर्नाटक योजनेत मिसळली, २०२२ मध्ये पुन्हा वेगळी उभी राहिली. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली. आमच्याकडे भांडण झालं ते योजनेचं कार्ड कुठल्या सरकारचं यावर. कार्डात काय नाही, हे कुणी विचारलं नाही. रुग्णाला दाखल करून पॅकेज लावायचं, ही रीत दोन्हीकडे एकच.

अमेरिकेत याच सुजेसाठी रुग्ण वर्षानुवर्षं संसदेशी झगडले. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना दर सहा महिन्यांना दिवसा घालायची तीन वस्त्रं देते.

आपल्याकडे एवढं एकदम होणार नाही. पण काखेतल्या गाठी काढण्याच्या पॅकेजमध्ये पहिल्या दोन बाह्या घालता येतील. दोन्ही राज्यांतल्या आमदारांनी ही मागणी सभागृहात मांडावी. आणि ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलं आहे, त्यांनी डिस्चार्ज कार्डावर बाहीची गरज डॉक्टरांच्या हातानं लिहून घ्यावी.