हळदीची भिंत का नसते?

घरातली एखादी खोली रंगवायची ठरली की आपण दुकानातून शेडकार्ड आणतो आणि शेकडो छटांमध्ये हरवून जातो. पुण्यातल्या जुन्या वाड्यांपुढे ही अडचण नव्हती. चुन्याच्या भिंतीला पांढरा, गेरूचा लाल, पिवडीचा पिवळा असे मोजकेच रंग असत. हळद तर घरोघरी होती. मग हळदीने पिवळी केलेली भिंत का दिसत नाही?

याचे उत्तर चुन्यात आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला दिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे भिंतीवर दगडाचाच पातळ थर चढतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. पण ओला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. त्याचा सामू १२ च्या वर जातो. त्यात हळद लाल होते. कुंकू तयार करताना याच गुणाचा उपयोग होत आला आहे. गेरू आणि पिवडी यांचा रंग मात्र लोहाच्या ऑक्साइडांचा. चुना त्यांचे काही बिघडवू शकत नाही.

१८२८ साली पुण्यात शनिवारवाडा आगीत जळाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त गिमे यांना कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी पारितोषिक मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा भाजून केलेली ही नीळ चुन्यात टिकते. चिमूटभर घातली की पांढऱ्यातली पिवळट झाक दबते आणि भिंत अधिक शुभ्र भासते.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातील घरांना सरकारी हुकमाने चुना फासला गेला. घरमालकाच्या आवडीचा प्रश्नच उरला नाही. चुना जंतू मारतो खरा, पण उंदरांवरच्या पिसवा त्याने थांबत नाहीत. प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

तैलरंग आले आणि चुन्याचे बंधन सुटले. छटा वाढल्या, पण झळझळीत पिवळ्या-नारिंगी रंगांबरोबर शिशाची संयुगेही घरात शिरली. जुन्या रंगाचे पोपडे व धूळ मुलांच्या हातांवाटे पोटात जाते आणि शिसे मेंदूच्या वाढीला बाधा आणते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. म्हणून जुना तैलरंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. हळदीचे आणि गेरूचे पाणी दोन परीक्षानळ्यांत घेऊन दोन्हींत चुन्याची निवळी घालावी. निवळी डोळ्यांत उडू नये याची काळजी शिक्षकांनी घ्यावी. कोणता रंग बदलतो आणि कोणता टिकतो, हे पाहिल्यावर जुन्या भिंतींचे रंग कोणी ठरवले ते विद्यार्थीच सांगतील.