शून्य मार्कांची शाबासकी

शाळेत मला गणितात शून्य मिळालं, तेव्हा वडिलांनी ते यश मानलं नाही. युनिक्स बनवणारी बेल लॅबची मंडळी त्यांना भेटायला हवी होती. त्यांच्याकडं आज्ञा फत्ते झाली की शून्य परत येतं. फसली की दुसरा कुठलाही आकडा. १२७ आला तर समजावं, 'असली आज्ञाच आमच्याकडं नाही, साहेब!'

या आज्ञा यंत्राच्या कानी घालणारा कारकून म्हणजे 'शेल'. स्टीफन बोर्न यांचं शेल १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. बोर्न अल्गोल भाषेचे भक्त, म्हणून 'इफ'चा शेवट उलटा 'फि', 'केस'चा 'एसॅक'. त्या न्यायानं 'डू'चा 'ओडी' व्हायचा, पण त्या नावाची आज्ञा आधीच ठाण मांडून बसलेली! मग 'डन'वर भागवलं. असो.

हा कारकून आमच्या जुन्या गड्यासारखा. 'मंडईत जा, मेथी आण, फोडणीला टाक' म्हटलं आणि मंडई बंद असली, तरी फोडणी होणारच! एक ओळ फसली तरी पुढची चालू.

निवृत्तीनंतर मी हौसेनं एक स्क्रिप्ट लिहिली. बाहेरच्या डिस्कवर जा, जुनं पूस, नवं उतरव. एका रात्री डिस्क जोडायची राहिली. 'जा' फसलं. 'पूस' मात्र उभ्या जागी इमानेइतबारे पार पडलं, आणि उभ्या जागी आईच्या पत्रांची छायाचित्रं होती. मूळ पत्रं वाळवीनं केव्हाच वाचून संपवलेली. तरी डिस्कवर जुनी प्रत होती हो! सकाळी सुटी पडलेली डिस्क दिसली, ती जोडली आणि शहाणपणानं स्क्रिप्ट पुन्हा चालवली. जुनं पुसलं गेलं. नवं उतरवायला काही उरलंच नव्हतं.

भाचा म्हणाला, "मामा, वर 'सेट -ई' लिहायचं होतंत. चूक झाली की तिथंच थांबतं." हे औषध १९७९ पासून बाटलीत आहे. किंमतच न दिलेल्या नावाला हरकत घेणारं 'सेट -यू'सुद्धा. मोठ्यांनाही ते आठवत नाही म्हणा. २०१५ च्या जानेवारीत 'स्टीम'च्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि 'पूस' थेट मुळापासून सुरू झालं. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानं स्वतःच 'भीतीदायक!' असा शेरा मारून ठेवला होता.

भाच्याचं औषधही सर्व रोगांवर नाही. 'इफ'च्या अटीत आज्ञा फसली तर 'सेट -ई' डोळेझाक करतं. म्हणून मी आता प्रत्येक 'जा'पुढं 'नाहीतर थांब' असं हातानं लिहितो.

चार पत्रं मी पूर्वी ताईला छापून दिली होती, तेवढी उरली. ती मागायला जायचंय. ताईला कारण काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.