खाँसाहेबांची तालीम

मराठी रंगभूमीवर ‘तालीम’ हा शब्द इतका रुळला आहे की तो मूळचा अरबी आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. नाटकाची तालीम, गाण्याची तालीम आणि पैलवानांची तालीम, तिन्हीकडे शब्द एकच. मूळ अर्थ शिकवण. गोव्यात जत्रेच्या निमित्ताने गावातली हौशी मंडळी संगीत नाटक बसवतात. महाराष्ट्रातही शाळामास्तर, बँकेतले कारकून, दुकानदार एकत्र येऊन राज्य नाट्य स्पर्धेसाठी संगीत नाटकाला हात घालतात. महिना-दोन महिने रात्री जागवून ते करतात, तीही तालीमच. अशा मंडळींचे एक आवडते नाटक म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’. या नाटकाचा विषयही तालीमच आहे. विद्या कुणाला द्यायची आणि कुणापासून राखून ठेवायची, हा त्यातला खरा झगडा.

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेले हे नाटक 1967 साली प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ने रंगमंचावर आणले. विश्रामपूर संस्थानात राजगायकाला मानाची कट्यार आणि हवेली मिळते. वर्षानुवर्षे हरलेले खाँसाहेब आफताब हुसेन अखेर जिंकतात आणि पंडित भानुशंकर हवेली सोडून जातात. पंडितजींकडे शिकायला आलेला सदाशिव त्याच हवेलीत राहून खाँसाहेबांचे गाणे चोरून ऐकतो. खाँसाहेबांना आपले गाणे आपल्या घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. शेवटी त्या मुलाच्या गाण्यापुढे त्यांचा अहंकार वितळतो. हे दोन घरांचे नाटक आहे. इकडे पंडितजींची उमा, तिकडे खाँसाहेबांची झरीना. ‘घराणे’ हा शब्द घरापासूनच आला आहे, हे इथे शब्दशः दिसते.

रंगपटातला खाँसाहेब

या नाटकाचे काही हौशी प्रयोग मी पाहिले आहेत. त्यातली मेहनत मनापासून आवडते. ऑर्गन भाड्याने आणायचा, तबलजी शेजारच्या तालुक्यातून बोलवायचा, गाऊ शकणारा नट शोधायचा आणि नट नसलेल्या गवयाला उभे राहायला शिकवायचे, हे सोपे काम नाही. पण खाँसाहेब रंगमंचावर आले की माझे मन जरा सावध होते. डोळ्यांत भडक काजळ, आवाजात विनाकारण गुरगुर, तोंडी सिनेमातल्या खलनायकाची हिंदी. गाण्याआधीच रंगभूषा प्रेक्षकाला निकाल सांगून मोकळी होते. 2015 साली सुबोध भावे यांनी केलेल्या चित्रपटानंतर तर प्रेक्षक नाटकालाही तोच चित्रपट डोक्यात घेऊन येतात. मध्यंतरात चहाच्या टपरीवर मी ऐकले आहे : “त्यांचं तसंच असतं, देत नाहीत कुणाला.” ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती.

म्हणून इतिहासाकडे जावे लागते. उस्ताद विद्या राखून ठेवत, ही गोष्ट खोटी नाही. गाणे ही त्यांची शेतीवाडी होती. राजाश्रयावर जगणाऱ्या गवयाला दुर्मीळ बंदिश हीच पुंजी होती. ती वाटून टाकली तर मुलाबाळांनी खायचे काय? पण ही राखण धर्म पाहून होत नव्हती. ग्वाल्हेरच्या परंपरेत सांगितली जाणारी कथाच पाहा. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ गात. त्यांची तान कुणाला मिळत नव्हती. तेव्हा हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या तरुण भावांना लपून बसवून त्यांचे गाणे ऐकवले गेले, आणि त्यांनी ती तान उचलली. ऐकणारे मुसलमान, ज्यांचे ऐकले तेही मुसलमान, आणि ऐकण्याची सोय करणारे मराठा सरदार. सदाशिवाची गोष्ट अशी जुन्या कथेतच सापडते. पुढे याच ग्वाल्हेर गायकीची विद्या वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली आणि त्यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. लपून मिळवलेली विद्या दोन-तीन पिढ्यांत उघड्या हातांनी वाटली गेली.

मिरज, कोल्हापूर आणि रंगभूमी

किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. 1913 साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. ‘देत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर नाटकात गाऊ लागले आणि सवाई गंधर्व म्हणून गाजले. भीमसेन जोशी त्यांचे शिष्य. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या काळात त्यांनी संगीत नाटकात स्वतः काम केले. 1937 साली खाँसाहेब गेले. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथे आजही गाणे होते.

अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या कोल्हापुरात दरबारी गवई होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोघी त्यांच्याकडे शिकल्या. भास्करबुवा बखले तर तीन उस्तादांकडे शिकले : फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ. त्याच भास्करबुवांनी 1916 च्या ‘संगीत स्वयंवर’च्या पदांना चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या घरोघरी पोहोचवल्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष होते. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर, देव्हाऱ्यासमोर गुणगुणलेल्या पदांत या उस्तादांची तालीम मुरलेली आहे.

आता ‘कट्यार’कडेच परत येऊ. खाँसाहेबांची भूमिका अजरामर केली ती वसंतराव देशपांडे यांनी. ते अब्दुल करीम खाँचे चिरंजीव सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकले. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून आणि मुंबईत भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडूनही त्यांनी घेतले. संगीतकार जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. त्यांच्या गुरूंत अजमत हुसेन खाँ होते. दुसरे गुरू जगन्नाथबुवा पुरोहित स्वतः विलायत हुसेन खाँ यांचे शिष्य. आणि झरीना रंगवली ती सोलापूरच्या फैयाज यांनी. 2015 साली बेळगावात भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. म्हणजे ज्या नाटकातला खाँसाहेब विद्या देत नाही, ते नाटक उभे राहिले ते खऱ्या खाँसाहेबांनी दिलेल्या विद्येवर. लेखक दारव्हेकरांनीही खाँसाहेबांना खलनायक केलेले नाही. ते त्या नाटकातले सर्वांत दुखावलेले आणि सर्वांत बदलणारे पात्र आहे. तो बदल प्रेक्षकाला पटायचा असेल, तर पहिल्या अंकात त्यांना माणूस म्हणून उभे करावे लागते.

हौशी मंडळींना दोन शब्द

यंदा कुणी हे नाटक बसवत असेल तर माझी विनंती आहे. खाँसाहेबांचे काजळ थोडे कमी करा. त्यांची हिंदी-उर्दू ऐकून सुधारणारा कुणी तुमच्याच गावात मोहल्ल्यात असेल, त्याला तालमीला बोलवा. वर्षानुवर्षे हरण्याचा अपमान नटाच्या आवाजात आला पाहिजे, नुसती गुरगुर नको. नाटकाच्या माहितीपत्रकात वसंतराव आणि अभिषेकींच्या गुरूंची नावे छापा. चार ओळींची जागा लागेल.

आणि एक शब्द आपल्या मोहल्ल्याला. संगीत नाटक ‘त्यांचे’ आहे म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. आपली मुले कव्वालीला जातात, पण नाट्यगृहाची पायरी चढत नाहीत. गाणे शिकवावे की नाही, यावर आपल्या घरांत मतभेद आहेत. ते मला ठाऊक आहेत आणि त्यांचा मान राखूनच सांगतो. निदान हा वारसा कुणाचा आहे, हे तरी मुलांना माहीत असावे. ज्याच्या गळ्यात गाणे आहे अशा एखाद्या पोराला त्या तालमीत पाठवा. खाँसाहेबांचे काम त्याला मिळेल न मिळेल. सदाशिवाचे मिळाले तर अधिकच चांगले.