थैली कोणाच्या हातीं?

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेलें सिरोंचा हें गांव एके काळीं अप्पर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठाणें होतें. पुढें तें चांदा जिल्ह्यांत आलें, आणि १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यांत मोडतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनचें ठाणें होतें. नदीपलीकडे तेलंगण, अलीकडे माडिया गोंडांचें अरण्य, आणि कचेरींत मराठी. तेव्हां अशा गांवच्या उपासनामंदिरांत एकाच बांकावर तीन भाषा बसावयाच्या. त्यांपैकीं एखादें कुटुंब आजारानें किंवा अवर्षणानें खचलें, तर मंडळीनें त्यास हात कसा द्यावा? मुख्य अडचण पैशाच्या तुटीची आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

इतिहास काय सांगतो पाहा. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळींत सभासदांनीं एकमेकांविरुद्ध केलेली जी पहिली तक्रार ‘प्रेषितांची कृत्यें’ या ग्रंथांत नोंदलेली आहे, ती सिद्धांताविषयीं नव्हती. ती रोजच्या शिधावाटपाविषयीं होती. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांस वगळलें जातें, असें त्यांचें म्हणणें. अन्न नव्हतें असें नाहीं. वाढणाऱ्याच्या कानांवर त्या विधवांची भाषा पडत नव्हती. तोडगा म्हणून सात जण नेमले गेले, आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सारींच ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं थैली दिली गेली. एवढें शहाणपण पुढील पुष्कळ धर्मसंस्थांस साधलें नाहीं.

दुसऱ्या शतकांत जस्टिनानें रोमच्या उपासनेचें वर्णन केलें आहे, त्यांत स्वेच्छेची वर्गणी अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि परके यांच्या कामीं लागे असें तो सांगतो. २५१च्या सुमारास रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजूंचा भार वाहत होती. हा भार सभासदांच्याच वर्गणीवर चाले, हें विशेष.

महाराष्ट्रांत मात्र परिस्थिति वेगळी पडली. १८५०च्या एकविसाव्या कायद्यानें धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला खरा, पण भावकीचा आधार, अडल्या वेळची उसनवारी, लग्नकार्यांतली देवघेव हीं कोणता कायदा राखणार? तीं तुटलीं कीं मनुष्य उघडा पडे. मग मिशनची नोकरी, मिशनचें वसतिगृह, मिशनचा दवाखाना. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांत परदेशांतून आलेल्या वर्गणीनें अनेक जीव वाचले. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु थैली साहेबांच्या हातीं राहिली. अडलेला मनुष्य आपल्या शेजाऱ्याकडे न जातां बंगल्याच्या व्हरांड्यांत उभा राही, आणि गांव ‘पोटासाठीं बाटला’ म्हणून हिणवी. मदत मिळे, पत मिळत नसे.

पत कशी मिळते, याचें उदाहरण सिरोंच्यासारख्याच रानमुलुखांत, छोटा नागपुरांत सांपडतें. तेथील फादर जोहान हॉफमन हे जर्मन जेझुइट, मुंडारी भाषेचे व्याकरणकार. आपल्या मंडळींतील शेतकऱ्यांच्या जमिनी सावकाराच्या घशांत जातात हें त्यांनीं पाहिलें, आणि १९०९ सालीं कॅथोलिक सहकारी पतपेढी काढली. ऱ्हाइनकांठीं रायफायझेन यानें दाखविलेलाच हा मार्ग. एकमेकांस ओळखणाऱ्यांनीं थोडें थोडें सांठवावें, आणि त्यांतूनच अडलेल्यास कर्ज द्यावें. पुढें गांवोगांव धानगोलेही झाले. सुगीला प्रत्येकानें धान्य घालावयाचें, पेरणीच्या तोंडावर गरजूनें न्यावयाचें, नवें पीक आलें म्हणजे किंचित् वाढीसह परत करावयाचें. बियाणें खाऊन टाकण्याची पाळी ज्याच्यावर आली असेल, त्यासच या कोठाराचें मोल कळेल. नाणें दुर्मिळ असलेल्या अरण्यांत पैशाच्या पेटीहून धान्याची कणगी अधिक उपयोगी, हें वेगळें सांगावयास नको. वसईच्या कॅथोलिकांतही मॉन्सिन्यॉर मोनिस यांच्या पुढाकारानें १९१८ सालीं अशीच पतसंस्था निघाली, व तिची पुढें सहकारी बँक झाली.

दान घेणाराची मान खालीं जाते. कर्ज फेडणाराची जात नाहीं. तथापि फेडण्याची ताकदच नसलेल्या विधवेस किंवा महारोग्यास पतपेढी काय देणार? तेथें दानच हवें, आणि तें गाजावाजा न करतां, तिच्याच भाषेंत विचारपूस करणाऱ्या हातानें.

महायुद्ध सुरू झालें तसे हॉफमन शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले, आणि १९१५ सालीं सरकारनें त्यांस हिंदुस्थानाबाहेर धाडलें. पतपेढी मागें राहिली ती चालतच राहिली. तिचे सभासद मुंडा आणि उरांव शेतकरी होते, आणि ते कोठेंही गेलेले नव्हते.